कासवाची जागा

फरीदा,

मी तुझ्याशी एकदाच खोटं बोललो. तेही तुझ्याच ओटीवर बसून, तुझ्या हातचा चहा पिऊन. तू ते तिथल्या तिथे पकडलंस आणि वर मला आणखी एक खारी दिलीस. त्याला आता महिना होत आला. तुला माती देऊन आलो त्याला सतरा दिवस झाले.

मच्छीमार सोसायटीवाले म्हणाले, हिराजी नाखवा, फरीदाबद्दल चार ओळी सांगा, आम्ही लिहून घेतो, मोबाईलवरच्या तिच्या त्या नव्या जागेवर लावू, सगळे वाचतील. मला राग आला. माझं बोलणं दुसऱ्याने लिहायचं आणि त्यात पदरचं घालायचं, हे मला चालत नाही, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत. मी चौथी शिकलोय, तीही पुरती नाही. पण लिहीन तर मीच लिहीन म्हटलं. चुकेल तिथे चुकेल.

तू किती शिकलीस ते जेटीवरच्या फळ्यावर लोकांनी लिहिलंय. मी ते लिहीत नाही. मला आठवतं ते एवढंच, की न्हावा शेव्याला कंटेनरच्या कंपनीत खुर्चीची नोकरी होती तुला, ती सोडून तू तुझ्या बापाच्या, हसनमियांच्या, रिकाम्या घरात येऊन राहिलीस आणि मोबाईलवर चालणारा नकाशा करायला बसलीस. आपल्या खाडीचं तोंड, बाहेरचा समुद्र, कुठे वाळू चढलीय, कुठे पाण्याखाली खडकाचं खडप आहे, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता. आणि हे सगळं फुकट. वर तो नकाशा आतून कसा बांधलाय तेही तू उघडं ठेवलंस, ज्याला कळतं त्याने बघावं, मोडलं असेल ते जोडावं. मी तेव्हा म्हणालो होतो की ही बाई खुळी आहे, जाळ्यात मासळी कुठे लागते ते आम्ही सख्ख्या भावाला सांगत नाही. तू म्हणालीस, मासळी कुठे ते नाही सांगत नाखवा, मरण कुठे ते सांगतेय. मी चहा संपवून उठलो.

नकाशात चूक दिसली की तक्रार लिहायची. तू इश्यू म्हणायचीस, मी तक्रार म्हणायचो, आणि शेवटी सगळ्या बंदराने माझाच शब्द घेतला, हे मी इथे सांगून ठेवतो. प्रत्येक तक्रारीला नंबर, सांगणाऱ्याचं नाव, आणि ती मिटली की नाही ते. नियम तुझा होता. ज्याने तक्रार उघडली त्यानेच ती मिटवायची, आणि मिटवताना दुसऱ्या एकाने तपासून हो म्हणायचं. मी पहिल्याच आठवड्यात अकरा तक्रारी दिल्या. लिहायला जमत नाही म्हणून मोबाईलमध्ये बोलून पाठवायचो. तुझ्या नकाशात वाळूचा दांडा सरकलेला नव्हता, तो सरकवलास. जुनी बुडालेली बार्ज नव्हती, ती मांडलीस. मी समुद्र सोडून घरी बसलो त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, बोट दिनेश चालवतो. मुलगा आपल्याला काही विचारत नाही आणि ही हसनमियांची लेक रोज विचारते, याचं मला फार अप्रूप होतं. तोंडाने कधी बोललो नाही.

मग कासव आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कासव म्हणजे खडप आहे, पाठीसारखं गोल, खाडीच्या तोंडाबाहेर. भरतीला त्याच्यावरून ट्रॉलर जाईल. अमावास्या-पुनवेच्या उधाणाची ओहोटी असली की मात्र ते हातभर पाण्याखाली येतं आणि दिसत नाही. माझ्या बापाने मला ते दाखवलं ते आमच्या लोकांच्या रीतीने, किनाऱ्यावरच्या खुणा धरून. मशिदीचा मिनार मागच्या डोंगराच्या खाचेत बसला पाहिजे, आणि दीपस्तंभ टेकाच्या, त्या बुटक्या टेकडीच्या, नाकावर आला पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की खाली कासव. आम्ही असंच शिकलो. समुद्रावर पाटी लावता येत नाही.

मी तक्रार दिली की तुझ्या नकाशात कासव नाही. तू जागा विचारलीस, मी खुणा सांगितल्या. तू पट्टी लावून दोन रेघा मारल्यास आणि दोन दिवसांनी म्हणालीस, "नाखवा, तुमच्या जागेवर नऊ वाव पानी हाय. खडप न्हाय तिथं."

वाव म्हणजे दोन हात पसरले की होतं तेवढं. मी म्हणालो, कोण म्हणतो. तू म्हणालीस, सरकारी नकाशा म्हणतो आणि बिजू म्हणतो. बिजू म्हणजे केरळातला तो इंजिनिअर, तुझ्याबरोबर या नकाशाचं काम करायचा, ज्याचं तोंड आपण दोघांनी फोनवरच बघितलं. एका ट्रॉलरच्या खोली मोजायच्या यंत्राचे आकडे त्याच्याकडे होते. मग तू माझ्या तक्रारीवर तीन शब्द लिहिलेस. पुरावा हवा आहे.

चाळीस वर्षं बोट चालवलेल्या माणसाकडे पुरावा. मी तुला बोललो ते मी परत लिहीत नाही. मी सांगतो तोच पुरावा, असं म्हणालो, आणि दोरीला शिसं बांधून पाणी मोजायला चला म्हणालीस तर आलो नाही. माझा शब्द मोजायला मी स्वतःच जायचं, हे कुठल्या न्यायात बसतं. ती तक्रार तशीच उघडी राहिली. वर्षं गेली. दर दिवाळीला फराळ घेऊन आलीस की मी विचारायचो, कासव लावलंस काय. तू म्हणायचीस, पुरावा आणलात काय. दिनेशची बायको आत हसायची. बिजूने तीनदा लिहिलं की ही तक्रार बंद करूया, हिच्यात काही नाही. तू बंदही केली नाहीस आणि कासव लावलंही नाहीस. मला वाटायचं तू माझा अपमान तेवढा जपून ठेवला आहेस.

मधल्या काळात बाहेरच्या बंदरातल्या एका बोटीचा पंखा तिथेच कुठेतरी मोडला. माणसं वाचली. नेमकं कुठे, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी जेटीवर सगळ्यांदेखत म्हणालो, बघा. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस आणि घरी जाऊन त्या तक्रारीखाली ते लिहून ठेवलंस.

या पावसाळ्यानंतर तू सोसायटीच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलंस. तक्रारवही तोवर तुझ्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. वीज गेली की वही बंद. आता ती बाहेर, सगळ्यांना दिसेल अशा नव्या जागेवर न्यायची म्हणालीस, म्हणजे तुझ्या घरावर काही अडून राहणार नाही, तू माणगावला गेलीस तरी वही उघडी. प्रत्येकाला आपला पासवर्ड. मी उभा राहिलो. नवी जागा कशाला, जुनीत काय पाणी शिरलंय, आणि पासवर्ड म्हणजे काय, आम्ही चोर काय? लोक हसले. तू शांतपणे म्हणालीस, "घर तेच हाय नाखवा. ओटी मोठी करतोय."

बिजूचं म्हणणं होतं की मिटलेल्या तक्रारी तिकडे न्यायच्याच नाहीत, आणि उघड्यांपैकी ज्यांना वर्षानुवर्षं पुरावा नाही त्या यंत्राने आपोआप बंद करून टाकायच्या. नव्या घरात जुना कचरा कशाला. मला हे दिनेशने वाचून दाखवलं, आणि खाली तू काय लिहिलंस तेही. तू लिहिलं होतंस की सांगणारा माणूस बोट घेऊन तिथपर्यंत गेला होता, यंत्र गेलं नव्हतं, तेव्हा सगळ्या तक्रारी जातील आणि एकेक वाचून जातील. मी दिनेशला ते दोनदा वाचायला लावलं. म्हटलं, नीट ऐकू आलं नाही.

तरी मी भांडलोच. वही नव्या जागेवर गेली आणि बघतो तर माझ्या साऱ्या तक्रारी तुझ्या नावाने. एकूण एक. मी तसाच तुझ्या दारात आलो. तू म्हणालीस की आणणारी मी, म्हणून यंत्राने माझं नाव लावलं, आत लिहिलंय की हिराजी नाखव्याने सांगितलं. मी म्हणालो आतलं कोण वाचतं, बोट माझी आणि पाटी तुझी? दुसरं कोणी असतं तर दार लावून घेतलं असतं. तू कपाळावर हात मारलास, हसलीस, आणि म्हणालीस बसा. माझ्यासाठी नवं खातं उघडलंस. मग आठ दुपारी आपण ओटीवर बसलो. माझ्या जुन्या बोलण्याच्या फिती तू परत लावायचीस, ऐकून लिहायचीस, मला वाचून दाखवायचीस, आणि मी होय म्हटलं की बटण मला दाबायला लावायचीस. म्हणजे तक्रार माझ्या नावाने, माझ्या बोटाने.

एका फितीत मी बिजूला शिव्या घातल्या होत्या. तिथे तू टिंबं दिलीस. मी म्हणालो टिंबं काढ, मी टिंबं बोललो नव्हतो. तू म्हणालीस बिजू आता मराठी यंत्राकडून उलगडून वाचतो. मी म्हणालो मग टिंबं राहू दे. एका फितीत मागून माझी बायको बोलत होती, जेवायला या म्हणून. ती जाऊन चार वर्षं झाली. तू फीत थांबवलीस. मग काही न विचारता पुन्हा लावलीस, आणि पुन्हा एकदा. त्या दिवशी आपण एकच तक्रार केली. एवढं शहाणपण तुला कोणी शिकवलं ते मला माहीत नाही. हसनमियां तर माझ्यासारखाच तापट होता.

आठव्या दुपारी कासव आलं. माझा आवाज म्हणत होता, मशिदीचा मिनार खाचेत धरायचा. तू लिहिता लिहिता थांबलीस आणि विचारलंस, "कुठला मिनार, नाखवा?"

मी म्हणालो, मशिदीला तुझ्याकडे किती मिनार आहेत, एकच की. तू ओटीवरून मशिदीकडे बघितलंस. खूप वेळ बघितलंस. मग उठून आत गेलीस आणि हसनमियांचा तो फोटो आणलास, दुकानाच्या पायरीवर उभा असलेला, मागे जुनी मशीद. जुन्या मशिदीचा मिनार खाडीकडच्या कोपऱ्यात. आताचा आहे रस्त्याकडच्या कोपऱ्यात. मशीद वाढवली तेव्हा जुना उतरवला आणि नवा दुसऱ्या टोकाला बांधला. बांधून झाला त्या दिवशी मी तिथे बिर्याणी खाऊन आलो होतो. मी तेव्हा समुद्र सोडला होता. रोज त्याच्यासमोर बसत होतो, आणि डोक्यात उभा होता तो जुनाच.

मला एका क्षणात कळलं, फरीदा. मशिदीपाशी मिनार चाळीस पावलं सरकला की बाहेर समुद्रात ते अंतर किती होतं, हे मला शिकवायला नको. तुझी रेघ बरोबर होती, ती आताच्या मिनारावरून निघाली होती. नऊ वाव पाणी बरोबर होतं. कासवही होतं. पण मी तुला दाखवत होतो ती त्याची जागा नव्हती.

आणि मी म्हणालो, "फोटो उलटा छापलाय."

तू फोटो माझ्यासमोर धरलास. दुकानाचा बोर्ड त्यात सरळ वाचता येत होता. तू एवढंच म्हणालीस की मी तर या मशिदीच्या सावलीत वाढले, माझ्याही ध्यानात आलं नाही. मला खाली उतरायला तू पायरी केलीस. मी ती घेतली नाही. चपला घातल्या. तू मागून म्हणालीस, "बाकीचं सगळं मी केलं. ही दुरुस्ती तुमी लिवायची, नाखवा. तक्रार तुमची हाय."

बारा दिवस मी तुझ्या घरावरून गेलो नाही, मागच्या वाटेने जेटीवर जायचो. पाचव्या दिवशी तुझा निरोप आला, एकच राहिलंय. मी ऐकला आणि फोन उशीखाली ठेवला. तुला सांगतो मी काय विचार करत होतो. येईल ती दिवाळीचा फराळ घेऊन, विचारेल, तेव्हा सांगू. तेराव्या दिवशी सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून तुझं नाव सांगितलं. डोक्यात रक्त गेलं म्हणाले, माणगावच्या इस्पितळात पोचायच्या आधीच. मी जनाज्याबरोबर चाललो, तीन मुठी माती दिली, कोणाशी बोललो नाही. लोकांना वाटलं नाखवा दुःखात आहे. दुःखात होतोच. पण मला लाज जास्त होती.

घरी बसून मी एकच गोष्ट धरून होतो. तू माझा मान राखून मी सांगितलं तिथे कासव लावलं असतंस, तर काय झालं असतं? बोट हाकणाऱ्या तरण्या तांडेलांनी त्या खोट्या कासवाला वळसा घातला असता आणि खऱ्यावर चढले असते. माझ्या शब्दावर. माझा दिनेश पहिला. आणि बिजूचं ऐकून तक्रार फेकली असतीस तर कासव आहे हेच पुढच्यांना कळलं नसतं. तू दोन्ही केलं नाहीस. इतकी वर्षं माझी तोंडाची आग सोसलीस आणि ती तक्रार उघडी ठेवलीस, कारण हिराजी नाखवा खोटं सांगणार नाही हे तुला पक्कं होतं, आणि त्याची चूक होऊ शकते हेही पक्कं होतं. माझ्या बापानेही माझ्यावर एवढा नीट विश्वास ठेवला नव्हता.

म्हणून या अमावास्येच्या ओहोटीला मी बोटीत बसलो. दिनेश म्हणाला बाबा, तुम्हाला झेपणार न्हाय. मी म्हणालो, गप चालव. आदल्या दिवशी तुमच्या मशिदीच्या जमातीच्या लोकांकडे जाऊन सांगितलं की जुना मिनार होता त्या कोपऱ्यात मला एक उंच बांबू उभा करून हवा आहे, वर लाल कपडा बांधून. कशाला, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, फरीदाचं एक काम राहिलंय. मग कोणी काही विचारलं नाही. चौघे जण गच्चीवर बांबू धरून उन्हात तासभर उभे होते.

लाल कपडा खाचेत बसला. दीपस्तंभ टेकाच्या नाकावर आला. मी दिनेशला इंजिन बंद करायला सांगितलं आणि शिसं सोडलं. हातभर पाण्यात ते टक्कन लागलं. तळाचं काही चिकटून यावं म्हणून शिशाच्या बुडाला मी ग्रीस चोपडलं होतं. वर काढलं तर त्याला कालवाच्या शिंपेचा तुकडा चिकटलेला, आणि कालव धरतं ते खडकालाच. दिनेशने मोबाईलवर ती जागा धरली. मी बोटीच्या काठाला धरून बसलो, आणि बोलायचं झालंच तर ज्याच्याशी बोलायचं ते माणूस तिथे नव्हतं.

बोटी त्याच दुपारी निघायच्या होत्या. पाणी चढायच्या आत, म्हणजे कासव वर असतानाच, सात बोटी बाहेर पडणार, त्यातल्या चार तरण्यांच्या. मी जेटीवर बसून तुझ्या त्या नव्या जागेवर माझी तक्रार उघडली. बोलून पाठवलं नाही. एका बोटाने लिहिलं, वेळ लागला. कासव आहे. जागा चुकली होती. मिनार हलला, मी पाहिलं नाही. चूक माझी, फरीदाची नाही. खाली नवी जागा आणि शिंपेचा फोटो. बटण दाबलं.

काही झालं नाही. दिनेशने बघितलं आणि म्हणाला, बाबा, दुसऱ्याने तपासून हो म्हणायचं ना, ते राहिलंय. तपासणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं. तू स्वतः लावलेलं, आठव्या दुपारी, मी चपला घालून गेल्यावर. त्याच्यापुढे लिहिलं होतं, अजून पाहिलेलं नाही.

बिजूला फोन केला. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, नाखवा, तिचं नाव असेपर्यंत नकाशा बदलणार नाही. मी काढू का? त्याचाही आवाज धड नव्हता. मी म्हणालो, नको, थांब. मला वाटलं आजचा दिवस राहू दे. उद्या काढू. एक दिवस तरी ते तसंच तिथे असू दे, मी लिहिलेल्याच्या खाली, तू बघशील असं.

मग पहिल्या बोटीचं इंजिन सुरू झालं.

मी बिजूला म्हणालो, मी काढतो. कुठे दाबायचं ते त्याने सांगितलं. तुझं नाव मी माझ्या बोटाने काढलं, फरीदा, आणि बिजूचं लावलं. त्याने फोटो बघितला, आकडे बघितले, आणि हो म्हटलं. कासव नकाशावर लागलं. दिनेश तोवर दोरी सोडून बोटीत उतरला होता. मी जेटीच्या टोकाला गेलो. सात बोटी खाडीच्या तोंडातून सरळ बाहेर गेल्या, नेहमीच्या वाटेने, आणि मग पुढची दिनेशची बोट डावीकडे वळली, जिथे ती आजवर कधी वळली नव्हती. तिच्यामागून दुसरी वळली. मग तिसरी.